डोळे मिटून भाजलेले धणे

भाड्याने खोल्या मागायला गेलं की घरमालक पगार विचारतात, माणसं किती ते विचारतात, आडून आडून जातही विचारतात. नागपूरला आम्हाला जे घरमालक लाभले, त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, "मसाल्याचा डबा आनला काय?"

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ह्यांची सांगलीहून थेट नागपूरला बदली झाली होती. सक्करदऱ्याच्या बाजूला कवेलूंचं, म्हणजे कौलारू, एक बैठं घर होतं. मधे अंगण, अंगणात विहीर आणि कडुनिंब, भोवतीने भाडेकरूंच्या खोल्या. ओसरीवर लाकडी खुर्चीत एक उंच, वाळके गृहस्थ बसले होते. डोक्यावर केस नव्हते आणि चेहऱ्यात नाक सोडलं तर लक्षात राहावं असं काही नव्हतं. त्यांनी पुन्हा डबा मागितला तेव्हा मी मुकाट्याने सामानातून काढून दिला. त्यांनी झाकण उघडलं, डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि मग माझ्या नवऱ्याकडे अतिशय कळवळून पाहिलं.

"हे धने हायेत का भुसा?" ते मला म्हणाले. डब्याचं झाकण लावलं आणि पुढे म्हणाले, "जाऊ दे. राहा इथं. ह्या मानसावर लय अन्याय होऊन राहिला. आपन पाहू."

अशा रीतीने माझ्या नवऱ्याची दया येऊन आम्हाला खोल्या मिळाल्या. ह्यांना ही दया इतकी आवडली की पुढे कित्येक महिने भाजी बिघडली की ते नुसते ओसरीकडे बघून सुस्कारा सोडत.

त्यांना सगळे काकाजी म्हणत. रेल्वेतून निवृत्त झालेले. बायको फार लवकर गेली, एकुलती एक मुलगी त्यांनी स्वतः रांधून वाढवली आणि लग्न करून भिलाईला दिली. त्यानंतर हाताशी जो वेळ उरला तो सगळा त्यांनी धण्यांना वाहिला.

काकाजींच्या मते स्वयंपाकात मसाला एकच, तो म्हणजे धणे. बाकीचे सगळे त्या नवरदेवाचे वऱ्हाडी. नागपुरात राहून मिरचीबद्दल असं बोलायला छाती लागते, पण काकाजी भर बाजारात बोलत. "मिरची टाकाले काय अक्कल लागते? कोनीही टाकते. धने टाकून दाखवा." धणे निवडायला ते इतवारीच्या बाजारात जात. तळहातावर चार दाणे चोळत, हुंगत, दाताखाली एक फोडत आणि पोतं नाकारत. मग दुसरं पोतं, मग तिसरं. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. गल्लीच्या तोंडाशी काकाजी दिसले मात्र, एका दुकानदाराने हातातला तराजू खाली ठेवला आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "भैया, अब घंटा भर बैठो." गिऱ्हाइकंही सवयीची होती, बसली.

त्यांची धणे भाजायची तऱ्हा मोहल्ल्यात प्रसिद्ध होती. चुलीवर लोखंडी कढई, कढईत तेलाचं एक बोट, आणि काकाजी पाटावर मांडी घालून, उलथनं हातात घेऊन, डोळे घट्ट मिटून. डोळे उघडे ठेवून धणे भाजणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. "डोळे चुगलखोर हायेत," ते सांगत. "कढई काळी, त्याच्यात रंग कोनाले दिसते? धने नाकानं भाजाचे." ते मान पुढे काढून बसत, नाकपुड्या हलत, आणि अचानक "उतरला!" म्हणून कढई खाली येई. मग डोळे उघडत. आम्ही बायका ताटातले धणे बघत असू. प्रत्येक घाणा अगदी एकसारखा निघे.

त्या नाकाचा आम्हाला त्रासही होता. ओसरीवरच्या खुर्चीत बसून त्यांना चारही बिऱ्हाडांच्या चुलीवर काय चाललं आहे ते कळे, आणि कळलेलं ते मनात ठेवत नसत. "वहिनी, कांदा अजून रडून राहिला, मसाला काहून टाकला?" समोरच्या खोलीतल्या वहिनींना अंगणापलीकडून सूचना जाई. माझ्या वाटेला तर रोजच. "बाई, तुह्या धन्याईले अजून शुद्ध नाई आली. हालव त्याईले." नवीन लग्न झालेल्या बाईला सासू नाही म्हणून मी खूश होते. ती हौस काकाजींनी पुरवली.

माणसांचीही त्यांनी धण्यांप्रमाणेच विभागणी केली होती. कच्चा, भाजलेला आणि जळलेला. त्यांचा जावई "वरून भाजलेला, आतून हिरवा". समोरच्या वहिनींचे यजमान जळलेले, कारण ते हसत नसत. माझ्या नवऱ्याबद्दल मी एकदा धीर करून विचारलं. काकाजी म्हणाले, "तो अजून कढईतच नाई पडला." हे मी घरात सांगितलं नाही.

एकदा शेजारच्या लग्नात आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. पहिल्या पंगतीत काकाजींनी रश्शाचा एक घास घेतला आणि ते पानावरून उठले. वधूपिता हात जोडून मागे धावला. काकाजी थेट मागच्या बाजूला आचाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "महाराज, तुम्ही धने भाजले नाई. त्याईले फक्त कढई दाखवली." आचारी चिडला, हातवारे झाले, पण तोवर काकाजींनी पाट ओढून डोळे मिटले होते. दुसरी पंगत ताटकळली, नवरदेव भुकेने कावला, व्याही बोलू लागले. मग नवा मसाला पडलेला रस्सा आला आणि दुसरी पंगत जेवली. खरी पंचाईत त्यानंतर झाली, कारण दुसऱ्या पंगतीच्या बोटं चाटण्याकडे बघून पहिली पंगत पुन्हा बसायला निघाली.

माणूस मायाळू होता. मे महिन्यात नागपूर तापायला लागलं की रात्री माठात धणे भिजत पडत आणि सकाळी प्रत्येकाच्या दारात खडीसाखर घातलेल्या धण्याच्या पाण्याचा लोटा हजर होई. ऊन लागून कोणी आडवं पडलं तर काकाजी स्वतः येऊन उशाशी बसत आणि घोट घोट पाजत. आजाऱ्याला ते पाणी आवडतं की नाही हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही.

आम्ही राहायला आल्याला दोन हिवाळे झाले असतील, तेव्हा काकाजींना मोठा ताप आला. सर्दी, खोकला, अंगात कणकण, आठवडाभर डोळा उघडला नाही. भिलाईहून मुलगी धावत आली. बापासारखीच उंच, बोलायला सडेतोड. ताप उतरला आणि काकाजी ओसरीवर येऊन बसले, त्या दिवशी तिने सगळ्यांच्या देखत विषय काढला.

"बाबा, बस झालं आता. सामान बांधा आन् चला माह्यासंग. एकटे राहून राहिले तुम्ही. एखांद्या दिवशी स्टोव्ह भडकला, काही जळलं, तं कोन पाह्यन?"

"जळाच्या आधी मले समजते," काकाजी म्हणाले. "साऱ्या मोहल्ल्याले इचार."

"ठीक हाय. नाक हाय तोपर्यंत राहा. नाकानं दगा दिला का मी घेऊन जाईन, मंग तुमचं काही ऐकनार नाही."

"मंजूर," काकाजी हसून म्हणाले. आम्हीही हसलो. मुलगी मात्र हसली नव्हती, हे नंतर माझ्या ध्यानात आलं.

ती गेली आणि काही दिवसांनी माझं दूध लागलं. लागलं म्हणजे काय, मी स्टोव्हवर दूध ठेवून वहिनींकडे गप्पा मारायला बसले आणि पातेल्यात कोळसा झाला. घरभर धूर. विहिरीवरच्या बायका धावल्या, मी धावले, सगळं अंगण नाकाला पदर लावून उभं राहिलं. आणि माझ्या दारापासून हाताच्या अंतरावर काकाजी शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसले होते. वहिनी मला म्हणाल्या, "पाह्यलं काय वं, आजारानं मानूस किती निवळला. एक शब्द नाही बोलला." मलाही आधी बरं वाटलं. मग मात्र कसंसंच झालं.

संध्याकाळी हे यायच्या आत काकाजी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आले.

"दूध लागलं होतं काय वं दुपारी?"

"कोळसा झाला होता, काकाजी."

"मले तुमच्या पळापळीवरून समजलं." ते आत आले. फळीवरची हिंगाची डबी काढली, उघडून नाकाशी धरली, परत ठेवली. मग रॉकेलची बाटली हुंगली. मग साबणाची वडी. "काईच नाई," ते म्हणाले. "तापात गेलं, थे आलंच नाई. जेवतो तं पेपर चावल्यावानी लागते."

आतापर्यंत हे नाक मला नकोसं झालं होतं आणि आता ते गेलं म्हटल्यावर डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नको. काम हाय," काकाजी म्हणाले. "चैतात वर्षाचा मसाला कराचा हाय. पोरगी येईन डबा न्याले. नाई केला तं इचारन काहून नाई केला. जाळला तं समजूनच जाईन. हे घर मी सोडत नाई. इथं मले अंधारातही पाय टाकता येते. तिथं क्वार्टरात मी काय करू, जावयाचं तोंड पाहू?"

"पण डोळे उघडे ठेवून भाजा ना. रंग बघून."

"आयुष्यभर डोळे मिटले, आता उघडले तं साऱ्याईले समजन. आन् रंग कोनी पाह्यला बाप्पा? मले थो मालूमच नाई."

स्वतःच्याच तत्त्वज्ञानात माणूस असा अडकलेला मी पुन्हा पाहिला नाही. तर ठरलं असं, की नाक माझं आणि हात त्यांचे. मी विचारलं, "पण मीच का? वहिनींना माझ्यापेक्षा कितीतरी कळतं." ते म्हणाले, "म्हनूनच. तिले वाटते का तिले समजते. तुले काईच समजत नाई. तुले शिकवता येते."

आणि त्यांनी मला शिकवलं. दुपारी हे कचेरीत असताना माझ्या स्टोव्हवर मूठ मूठ धणे पडत. "पहिले ओल्या पोत्याचा वास येईन. थो जाऊ दे. मंग संत्र्याची साल सोलल्यासारखा. अजून थांब. थो संत्रा दबून भाजल्या दान्यासारखा वास निंगाले लागला, का तेच टोक. तिथं बोलाचं. जरा उशीर केला का धूर आन् मसनवटी." मी हुंगत बसे. पहिल्या दिवशी मला फक्त रॉकेलचा वास आला. मग पोतं सापडलं. संत्रं सापडलं त्या दिवशी मी लहान मुलीसारखी ओरडले, आणि टोक सापडलं तेव्हा काकाजींनी कपाळाशी हात जोडून देवाचं नाव घेतलं. त्या महिनाभरात आमच्याकडे वरणात धणे, पिठल्यात धणे, एकदा तर शिऱ्यातही पडले. हे म्हणाले, "तुझी प्रगती आहे की काय आहे हे?"

प्रश्न उरला खुणेचा. बांगड्या वाजवायच्या का? अंगणभर बायका असणार, कोणाच्या वाजल्या ते कसं कळेल. देवाचं नाव घ्यायचं? मी एकदम रामराम म्हटलं तर लोक माझ्याकडेच बघतील. शेवटी काकाजींनीच सुचवलं, "खोक. खोकला कोनालेही येते. कोनाले शक येत नाई." हे आम्हा दोघांना इतकं पटलं की आम्ही त्यावर चहा प्यालो. वार्षिक मसाल्याच्या दिवशी त्याच अंगणात मिरच्याही भाजतात, ही गोष्ट दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

तशी आमच्या घराची रीत धणे आधी, मिरच्या सगळ्यात शेवटी अशीच होती. मुलगी आदल्या दिवशी आली होती. सकाळीच कडुनिंबाखाली चूल पेटली, कांडप करणाऱ्या बाया उखळ धुऊन बसल्या, आजूबाजूच्या घरच्या बायका आपापले डबे घेऊन आल्या. काकाजींनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. ते पाटावर बसले, डोळे मिटले, आणि मी शेजारी धणे पाखडायच्या निमित्ताने सूप घेऊन बसले. मुलगी ओसरीच्या खांबाला टेकून बघत होती.

पहिल्या घाण्याला पोतं आलं, गेलं. संत्रं येऊ लागलं. आणि नेमकं तेव्हाच वहिनींनी विहिरीपलीकडे आपल्या शेगडीवर मिरच्या टाकल्या. त्यांचा भाऊ दुपारच्या गाडीने सावनेरहून येणार होता, त्यांना उरकायची घाई होती.

आधी एक कांडपवाली खोकली.

"उतरला!" म्हणत काकाजींनी कढई खाली ठेवली आणि डोळे उघडले. ताटात धणे जसेच्या तसे हिरवे. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"हवा दमट हाय आज," काकाजी म्हणाले. चैत्रातल्या नागपूरच्या हवेबद्दल हे वाक्य आजपर्यंत कोणी उच्चारलं नसेल. त्यांनी धणे कढईत लोटून ती परत चुलीवर चढवली. तेवढ्यात शेजारची एक बाई खोकली. कढई खाली. तिची सून खोकली. चढवलेली कढई पुन्हा खाली. मग ठसका अंगणभर पसरला आणि काकाजींची कढई लंगडी घातल्यासारखी वर-खाली होऊ लागली.

"काकाजी, हे काय करून राहिले तुम्ही?" एका बाईने पदराआडून विचारलं.

"दम देऊन राहिलो," काकाजी डोळे मिटूनच म्हणाले. "धन्याईले मधून मधून दम द्या लागते. तुमाले नाई समजत."

"हाव नं," ती बाई लगेच दुसरीला म्हणाली, "माह्या माहेरीही असंच करत." मला हसू यायला हवं होतं, पण माझी अवस्था वेगळीच होती. घसा मिटला होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि नाकात मिरचीशिवाय काहीही शिरत नव्हतं. मी खोकत होते, पण तो खोकला माझ्या हातात नव्हता. काकाजींना आता कळलं होतं की खूण निकामी झाली. त्यांनी कढई चुलीवर ठेवली आणि कोणाच्याही खोकल्याला उचलेनात. उलथनं फिरवत राहिले. कपाळावरून घाम ओघळत होता. खाली जाळ चांगला लागला होता आणि मी हात चोळत बसले होते. आता घाणा जळणार, मुलगी समोर उभी आहे, आणि काकाजी जाणार.

तेव्हा माझ्या मागून एक खोकला आला. छोटा, कोरडा, नीट घसा साफ करून काढलेला.

काकाजींचा हात थांबला. क्षणभरच. मग "उतरला!" म्हणून त्यांनी कढई खाली घेतली. ताटात धणे पडले ते गेल्या वर्षीसारखेच, एकसारखे बदामी. बायकांनी माना डोलावल्या. दम देण्याचं महत्त्व सगळ्यांना पटलं.

मी मागे वळून पाहिलं. काकाजींची मुलगी कढईला अगदी चिकटून उभी होती, तोंडावर पदर, डोळे लालभडक. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही जा वं ताई, डोळे धुऊन घ्या. मी बसतो इथं." मी उठले. तिने माझं सूप घेतलं आणि माझ्या जागी बसली. पुढचे सगळे घाणे तिने उतरवले. प्रत्येक वेळी एकच खोकला. मिरच्या केव्हाच भाजून झाल्या होत्या, धूर निवळला होता, अंगणात दुसरं कोणीही खोकत नव्हतं, तरी ती वेळेवर खोकत होती. ते विचित्र आहे हे तिलाही कळत असणार. पण तिने शेवटच्या घाण्यापर्यंत सोडलं नाही.

चार दिवसांनी ती डबा घेऊन भिलाईला गेली. सामान बांधा, चला, असं एका शब्दाने म्हणाली नाही. रिक्षात बसताना फक्त म्हणाली, "पुढच्या वर्षी मी आठ दिवस आधी येतो, बाबा. मसाल्याच्या टायमाले."

"ये नं," काकाजी म्हणाले.

रिक्षा वळली. मी आनंदाने म्हणाले, "काकाजी, सुटलो आपण! त्यांना काही कळलं नाही."

"लय कच्ची हायेस तू," काकाजी म्हणाले आणि खुर्चीत बसले. "माय गेली तवा तिले डांग्या खोकला झाला होता. एवढीशी पोर. पुरा पावसाळा मांडीवर घेऊन बसलो मी. तिचा खोकला मले ओळखू येनार नाई?"

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं? आणि तिलाही ठाऊक होतं?"

"हाव. कोनी खोकलं का कढई खाली, हे पाह्यलं नं तिनं."

"मग तुम्ही तिच्याशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मी ठरवलं होतं. घाना जळला, का उगीच तमाशे नाई कराचे, तिच्यासंग निंगाचं. ट्रंक भरून ठेवली होती." त्यांनी रिक्षा गेली त्या वळणाकडे पाहिलं. "नाई खोकली असती तं आज मी त्या रिक्षात राह्यलो असतो. तिले नेताच आलं असतं मले. तिनं नाई नेलं."

ते उठून खोलीत गेले. मीही मागोमाग गेले. खाटेखालून त्यांनी पत्र्याची ट्रंक ओढली आणि आतली धोतरं, सदरे, कानटोपी एकेक करून बाहेर काढायला लागले. मी खुंटीला लावत गेले. मसाल्याच्या दिवशी नेसलेलं धोतर तसंच न धुता घडी घालून ठेवलं होतं.

"हे धुवायला टाकते," मी म्हटलं.

"त्याले धन्याचा वास येते काय, पाह्य."

मी हुंगून पाहिलं. "येतो, काकाजी. चांगलाच येतो."

"मंग धुवू नको," ते म्हणाले. "टांग तसंच."